इचलकरंजीतून कॉमिक काढताना: झेरॉक्सपासून दुसऱ्या पुस्तकाच्या कागदापर्यंत

मी इचलकरंजीत एका सायझिंगच्या (सुताला खळ लावण्याच्या कारखान्याच्या) ऑफिसात हिशेब बघते आणि रात्री कॉमिक काढते. 2025 च्या जानेवारीत पहिलं पुस्तक स्वतःच छापलं, स्वतःच विकलं, आणि त्यातून परत आलेल्या पैशांतून आता दुसऱ्या पुस्तकाचा कागद घेतला आहे. सुरुवात केली तेव्हा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुठून मिळतो, कागद किती लागतो, दुकानदाराला किती टक्के द्यायचे, पोस्टानं कसं पाठवायचं, यातलं काहीच एका जागी वाचायला मिळालं नव्हतं. थोडं प्रेसमधल्या लोकांनी सांगितलं, थोडं सरकारी पोर्टलवर अडत-अडत कळलं. जवळ चित्रांची वही आहे पण पुढे काय करायचं ते कळत नाही, अशा लोकांसाठी हे सगळं तारखा आणि पैशांसकट लिहिते आहे.

माझी आई सव्वीस-सत्तावीस वर्षं कांडी मशीनवर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साध्या मागावर आडवं सूत धोट्यातून जातं आणि धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. त्या कांड्या भरायचं काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. शटललेस, म्हणजे धोटाच नसलेल्या, मागाला कांडी लागतच नाही. असे माग वाढत चालले तशी ही कामं कमी होत गेली, आणि ज्यांनी आयुष्यभर ती केली त्या बायका घरी बसल्या. त्यांच्याबद्दल कुठे लिहिलेलं दिसत नाही, काढलेलं तर अजिबातच नाही. मला ते काढायचं होतं.

2023 च्या दिवाळीत पहिला प्रयोग झेरॉक्सवर केला. ए4 चे चार कागद दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून मधोमध दुमडले, दोन पिना मारल्या, की सोळा पानांची पुस्तिका होते. एका पुस्तिकेला दहा रुपयांच्या आत खर्च आला. वीस रुपयांना विकली, आईच्या मैत्रिणींना तशीच दिली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी चित्रं बघून गोष्ट बरोबर सांगितली. पुढचं सगळं करायचं बळ मला तिथून मिळालं. तुम्हीही झेरॉक्सपासूनच सुरू करा. पानं उलटताना गोष्ट कुठे अडते, कुठला चेहरा ओळखू येत नाही, हे दहा रुपयांत कळतं. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाची कार्यशाळांची पद्धत तर याहून साधी आहे: चार चौकटींची गोष्ट, दोन ए4 कागद जोडून केलेलं भित्तिपत्रक, आणि त्याच्या झेरॉक्स प्रती गावातल्या भिंतींवर. चित्रकला शिकलेली असायलाच हवी असं त्यात काही नाही.

झेरॉक्स पुस्तिका केल्यावर मी स्वतः छापून विकलेल्या कॉमिक्सचा इतिहास वाचायला लागले. अमेरिकी कॉमिककार रॉबर्ट क्रम्बनं 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर आपला पहिला अंक बाबागाडीत ठेवून विकला होता. ट्रिना रॉबिन्सनं 1970 मध्ये फक्त बायकांनी काढलेल्या कॉमिक्सचा अंक जुळवून आणला, कारण पुरुषांच्या अंकांत बायकांना जागा मिळत नव्हती. मला सर्वांत जवळचा वाटला तो क्लीव्हलंडचा हार्वी पीकर. सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून. 1976 पासून स्वतःच्या रोजच्या जगण्यावर कॉमिक लिहायचा, चित्रं दुसऱ्यांकडून काढून घ्यायचा, पदरचे पैसे घालून छापायचा. नाव झाल्यावरही त्यानं नोकरी सोडली नाही, 2001 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. हे वाचल्यावर ‘नोकरी सोडल्याशिवाय हे होत नाही’ ही भीती माझ्या मनातून कायमची गेली.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. पन्नास-साठच्या दशकांत मराठी लघुनियतकालिकवाल्यांनी सायक्लोस्टाइल करून अंक काढले. अशोक शहाणे यांनी प्रास प्रकाशन चालवलं. नर्मदा खोऱ्यावरचं ओरिजीत सेन यांचं चित्रपुस्तक 1994 साली कल्पवृक्ष या पर्यावरणाच्या कामातल्या संस्थेनं छापलं. ते कित्येक वर्षं मिळत नव्हतं, 2022 मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनानं पुन्हा काढलं. या सगळ्यांनी ठरलेल्या दुकानदारीच्या बाहेरून आपला रस्ता काढला.

2024 च्या जानेवारीपासून मोठं पुस्तक काढायला घेतलं. ऑफिस सहाला सुटतं, जेवण-खाण आवरून नऊला बसायचं. छापील पान डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच धरलं, आणि मूळ चित्र त्याच्या दीडपट काढलं. चित्र लहान करून छापलं की रेघ बारीक आणि नीट होते. कार्ट्रिज कागद, काळी शाई, केसांवर आणि सुतावर बोरू-निब, सावल्यांना ब्रश. स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके), ग्रेमध्ये, नंतर संगणकावर निव्वळ काळं-पांढरं केलं. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, राखाडी छटा ठिपक्यांनी छापली जाते आणि रेघेची कड त्यात विरघळते. काळ्या शाईचं काम असेल तर फाइलमध्ये राखाडी उरूच देऊ नका.

संवादांच्या फुग्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. इंग्रजी कॉमिकची अक्षरं बहुधा सगळी कॅपिटल असतात, त्यांना वर-खाली काही नसतं, म्हणून ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, रुकार. तेवढ्याच शब्दांना मराठीत फुगा उंचीला निदान दीडपट लागतो. म्हणून मी आधी पेन्सिलीनं फक्त संवाद लिहायचे, त्यांच्याभोवती फुगा काढायचा आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवायची. उलटं केलं तर एक तर माणसाचं डोकं झाकतं किंवा वाक्य कापावं लागतं. हातानं लिहायचं नसेल तर ‘कलम’सारखे मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट आहेत, ते व्यावसायिक पुस्तकातही बिनधास्त वापरता येतात. प्रेसला फाइल देताना मात्र अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टऐवजी रेघांच्या आकारात बदलून, द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर जोडाक्षरं सुटी होऊन पडतात.

आई रोज रात्री पानं बघायची. एका पानावर बाई भरलेली कांडी मशीनवरून काढते आहे असं चित्र होतं. आईनं चष्मा लावून ते बराच वेळ बघितलं, मग स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. “हे बघ, कांडी धराय लागल्यावर अंगठा आत जातो. आन् करंगळी लांब ऱ्हाती, नायतर सूत कापतं.” तिच्या करंगळीच्या पेरावर त्या सुताची बारीक आडवी खूण अजून आहे. मी ती खूण पुढच्या चौकटीत मोठी करून काढली. पुस्तक वाचलेल्या कांडीवाल्या बायकांनी बोट ठेवलं ते त्याच चौकटीवर.

खऱ्या माणसांवर काढताना परवानगीचं बघावं लागतं. ज्यांचे चेहरे ओळखू येतील अशा प्रत्येकीला पानं दाखवून साध्या कागदावर संमती घेतली, जिला नको होतं तिचं नाव आणि चेहरा बदलला. कारखान्याचं नाव, मालकाचं नाव कुठेही नाही. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुस्तक बाहेर आल्यावर कुठल्याही घरी निर्धास्त जाता आलं.

जूनमध्ये दोन प्रकाशकांना नमुना पानं पाठवली. एकांनी रंगीत आणि मुलांसाठी असेल तरच बघू असं कळवलं, दुसरीकडून छपाईचा खर्च मीच करावा असा प्रस्ताव आला. खर्च मीच करायचा तर प्रकाशकही मीच का होऊ नये, असं वाटलं आणि घरी बोलून पक्कं केलं. घरातून एकच अट आली: कर्ज काढायचं नाही. मी स्वतःला दुसरी घातली: पहिल्या पुस्तकातून दुसऱ्याचे पैसे सुटले पाहिजेत. पानं किती, प्रती किती, किंमत किती, दुकानदाराला किती, हे सगळं पुढे या दोन अटींवरच ठरलं.

सप्टेंबर 2024 मध्ये कागदपत्रं सुरू केली. कंपनी काढावी लागत नाही, एकल मालकी पुरते. दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टखाली तेव्हा नोंदणी नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. तिची पावती शुल्क भरून लगेच मिळाली. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर होते आणि सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. शोधताना वर ज्या पैसे मागणाऱ्या साइट येतात त्या दलालांच्या आहेत, तिथे जाऊ नका. हे दोन कागद प्रकाशनाच्या नावानं चालू खातं उघडायला लागतात. बँकेत खातं व्हायला तीनेक आठवडे गेले, कारण तिथल्या साहेबांना घरातल्या खोलीत चालणारं प्रकाशन पटत नव्हतं. त्यांनी घरी येऊन टेबल, स्कॅनर बघितला आणि मग सही केली.

जीएसटीची भीती मलाही होती. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या जवळपासही नाही, त्यामुळे नंबर घेतला नाही. मात्र प्रेसच्या बिलावर जो कर लागतो तो परत मिळत नाही. तो खर्चातच धरा.

ऑक्टोबरमध्ये आयएसबीएनसाठी अर्ज केला. हा क्रमांक दिल्लीतली राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. पोर्टलवर आधी प्रकाशक (किंवा नुसता लेखक) म्हणून नोंदणी, ओळखपत्र, पत्ता, मग पुस्तकाचं नाव, भाषा, पानं, मुखपृष्ठ आणि शीर्षकपानाचा नमुना. माझा अर्ज एकदा शंका काढून परत आला: शीर्षकपानावर प्रकाशकाचं नाव-पत्ता दिसला पाहिजे. ते घालून पुन्हा चढवलं. सगळं मिळून महिनाभर लागला. म्हणून पुस्तक प्रेसला द्यायच्या निदान दोन महिने आधी अर्ज करा. क्रमांक मिळाला की बारकोड स्वतःच बनतो, इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. तो फक्त काळ्या रंगात आणि पांढऱ्या पट्टीवर ठेवा.

इथे एक गोष्ट आधीच ठरवून घ्यायला हवी. तुम्ही ‘अंक’ काढताय की ‘पुस्तक’? आयएसबीएन पुस्तकाला मिळतो, नियतकालिकाला आयएसएसएन असतो. ठरावीक मुदतीनं निघणाऱ्या नियतकालिकांसाठी 2023 चा नवा कायदा आहे, तो 1 मार्च 2024 पासून लागू झाला. त्यात शीर्षक मंजूर करून घेण्यापासून सगळी प्रक्रिया वेगळी. नोकरी सांभाळून दर तीन महिन्यांनी काही काढणं मला जमणार नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट स्वतंत्र पुस्तक, असं ठरवलं.

नोव्हेंबर-डिसेंबर प्रेस शोधण्यात गेले. कोटेशन मागायला जाताना हातात डमी घेऊन जा. कोरे कागद दुमडून, पिना मारून, पानांचे आकडे टाकून केलेली. नुसतं ‘एक कॉमिक छापायचंय’ म्हटलं की कुणी नीट आकडा सांगत नाही, डमी टेबलावर ठेवली की समोरचा माणूस वेगळ्याच आस्थेनं बोलतो. कोल्हापुरातल्या ज्या प्रेसमध्ये शेवटी काम दिलं तिथल्या मशीनवरच्या मामांनी ती उलटसुलट करून पहिला प्रश्न विचारला, “ताई, पानं पंचेचाळीस कशाला? अठ्ठेचाळीस करा.”

एक फॉर्म सोळा पानांचा. शीट दोन्ही बाजूंनी छापून दुमडली की सोळा पानं होतात. पंचेचाळीस पानांचं पुस्तक छापलं तरी प्लेट, छपाई, कागद अठ्ठेचाळीसाचाच पडतो. मिळालेल्या तीन पानांवर मी मागाचे भाग चित्रांसकट नावं देऊन काढले: धोटा, कांडी, फणी, बीम, सायझिंग म्हणजे काय, वहिफणी (मागाची उभी सुतं फणीतून ओवून घेणं) म्हणजे काय. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सर्वांत जास्त कौतुक त्या तीन पानांचं केलं. तेव्हा गोष्ट लिहितानाच सोळाच्या पटीत विचार करा.

कागद आधी 70 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, धरला होता. मामांनी दाखवलं की एवढी काळी शाई असेल तर मागच्या पानावरचं आरपार दिसणार. 90 जीएसएमचा नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, घेतला, थोडा महाग पडला पण डोळ्यांना फार बरा वाटतो. मुखपृष्ठ 250 जीएसएम आर्ट कार्ड, चार रंग, मॅट लॅमिनेशन. बायंडिंग मधल्या पिनांचं. पिनांच्या बायंडिंगमध्ये मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगला त्यांची कड जास्त कापली जाते, म्हणून बाहेरच्या बाजूला बारा मिलिमीटर तरी मोकळे सोडा.

प्रती पाचशे. दोनशेच्या आत असत्या तर डिजिटल परवडलं असतं, पण त्याला प्रतीमागे खर्च जास्त. कागद, प्लेट, छपाई, कव्हर, बायंडिंग, कर आणि कोल्हापूरहून आणण्याचं भाडं धरून सुमारे 21 हजार रुपये झाले, म्हणजे प्रतीला बेचाळीसच्या आसपास. किंमत 120 ठेवली. दुकानदाराला 35 टक्के दिले तर हातात 78 येतात, स्वतः विकली तर पूर्ण. अडीचशेच्या आसपास प्रती गेल्या की दुसऱ्या पुस्तकाचा खर्च निघतो. कागदाचे दर सारखे हलतात, त्यामुळे माझे आकडे अंदाजासाठी घ्या आणि कोटेशनवर ते किती दिवस धरलं जाईल हे लिहून मागा.

जानेवारी 2025 मध्ये छपाईच्या दिवशी रजा काढून गेले आणि प्रत्येकानं जावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या शीटवर काळा रंग फिका होता. मामांनी शाईच्या टाकीचे स्क्रू एकेक करून थोडे थोडे फिरवले, शीट काढली, भिंगातून बघितली, पुन्हा फिरवले. असं करत करत पंधरा-वीस शीटनंतर केसांचा काळा आणि साडीचा काळा दोन्ही भरून आले, तेव्हा त्यांनी शीट माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “सही करा. आता अशीच सगळी येणार.” मंजूर केलेल्या शीटवर सही करायची पद्धत आहे हे मला तेव्हा कळलं. ती शीट नंतर मागून घ्या.

पुस्तक आलं की एक कायदेशीर काम लगेच करायचं असतं. 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांत प्रकाशकानं स्वखर्चानं चार प्रती पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. न पाठवल्यास दंड 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंडाच्या भीतीपेक्षा वेगळ्या कारणासाठी पाठवा. आमच्या कांडीवाल्या बायकांच्या नावाचं पुस्तक आता कोलकात्याला आणि मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे, हे मी आईच्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या चार गावांची नावं माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली.

स्वामित्वहक्क चित्र काढलं की आपोआपच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. मी मार्चमध्ये केली, कारण पुढे अनुवाद किंवा चित्रपटाची बोलणी झाली तर कागद हाताशी असावा. ऑनलाइन अर्ज, 500 रुपये, लगेच डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक. मग तीस दिवस सक्तीची वाट, कुणाची हरकत येते का बघायला. त्यानंतर छाननी. प्रमाणपत्र यायला बरेच महिने गेले, तोवर पुस्तक विकायला काहीच अडत नाही.

आता विक्री. यात मन सर्वांत जास्त खचतं आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. एका वितरकानं पन्नास टक्के मागितले, माल विकला गेल्यावर पैसे, उरलेला परत. त्या रात्री मी हिशेब मांडला: अडीचशे प्रती त्यांच्याकडे गेल्या तर त्या प्रतींपुरतं वर्षभर माझ्याकडे ना पुस्तक ना पैसा. मला पुन्हा अमेरिकेतला इतिहास आठवला. तिथे 1954 नंतर कॉमिक्स कोडचा (कॉमिकमध्ये काय चालेल याच्या, प्रकाशकांनीच ठरवलेल्या नियमांचा) शिक्का नसलेलं कॉमिक बहुतेक वितरक घ्यायचे नाहीत. भूमिगत, म्हणजे क्रम्बसारख्या या बाजाराबाहेरच्या, कॉमिकवाल्यांनी मग हेड शॉप नावाच्या हिप्पींच्या दुकानांना रोखीनं माल विकला, न खपलेला परत घ्यायचा नाही, म्हणून छोट्या प्रकाशकाच्या हातात पैसा फिरता राहिला. पण सगळा भार त्या एकाच प्रकारच्या दुकानांवर होता. 1973 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अश्लीलता स्थानिक समाजाच्या निकषांवर ठरवायची असा निकाल दिला, दुकानदार घाबरले, पुढे त्या दुकानांवरही कायदे आले, आणि बघता बघता अंक ठेवायला जागाच उरली नाही. विक्री रोखीनं करायची आणि एकाच दारावर विसंबून राहायचं नाही, या दोन गोष्टी मी त्यातून घेतल्या.

वितरकाला नम्रपणे नाही म्हटलं. दुकानांना दहा-दहा प्रती 35 टक्क्यांनी, पण रोखीनं. काहींनी नकार दिला, काहींनी पाचच घेतल्या, पण त्या विकल्यावर त्यांचाच फोन आला. बाकी विक्री हातोहात: शिक्षकांच्या बैठका, कामगार संघटनेचा मेळावा, ग्रंथालयं, पुण्यातल्या चित्रकार मित्रमैत्रिणी. गठ्ठा घेऊन उभं राहायला सुरुवातीला पाय जड व्हायचे. पान उघडून समोरच्याच्या हातात द्यायला लागल्यावर ते सोपं झालं. आपण बोलत राहिलो तर लोक चित्र बघत नाहीत, म्हणून पुस्तक हातात दिलं की गप्प बसायचं.

पोस्टाचा प्रश्न वेगळाच आला. रजिस्टर्ड बुक पोस्टानं पाठवायचं मनात होतं, पण ती सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. सुरुवातीच्या प्रती स्पीड पोस्टानं गेल्या, एकेका पाकिटाला चाळीस-पन्नास रुपये. एकशेवीसचं पुस्तक आणि पन्नासाचं पोस्ट म्हटल्यावर लोक मागे फिरायचे. 1 मे 2025 पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू झाली आणि माझी पोस्टाची विक्री खऱ्या अर्थानं तेव्हा उभी राहिली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक स्वरूपाची छापील पुस्तकं चालतात, आत व्यावसायिक जाहिराती असतील तर चालत नाहीत, म्हणून मलपृष्ठ जाहिरातीला विकायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. प्रकाशकाचं नाव आणि किंमत पुस्तकावर छापलेली असू द्या. पोहोचायला वेळ लागतो, खरेदीदाराला तसं आधीच सांगून ठेवा. माझं पुस्तक पुठ्ठ्यासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतं, त्यामुळे त्याच वीस रुपयांत दोन प्रती जातात. ‘एक तुमच्यासाठी, एक द्यायला’ असं सुचवलं तर पुष्कळ जण दोन घेतात.

ऑगस्टच्या शेवटी अडीचशेचा टप्पा गेला. दुसऱ्या अटीप्रमाणे पैसे चालू खात्यात तसेच ठेवले. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुणे पुस्तक महोत्सवात एका छोट्या प्रकाशकाच्या स्टॉलवर कोपरा मिळाला, भाड्यातला वाटा मी दिला. तिथे एक आजोबा मूळचे इचलकरंजीचे निघाले. मागाच्या भागांची तीन पानं उभ्यानं वाचली, फणीच्या चित्रात दात मोजले आणि नातवाला आपल्या मागाच्या कारखान्यातला आवाज कसा असायचा ते तोंडानं करून दाखवलं. त्यांनी सहा प्रती घेतल्या. आता घरात पन्नासेक शिल्लक आहेत, त्या ग्रंथालयांसाठी बाजूला ठेवल्या आहेत.

या उद्योगातून माझा पगार सुटत नाही आणि एवढ्यात सुटेल असंही दिसत नाही. कागद, शाई, पोस्ट, प्रवास सुटतो आणि पुढचं पुस्तक सुटतं. वर्षाच्या शेवटी हे उत्पन्न विवरणपत्रात व्यवसाय म्हणून दाखवते, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवते, पोस्टाच्या पावत्यांचे फोटोही, कारण त्यांची शाई काही महिन्यांत उडून जाते.

दुसरं पुस्तक वहिफणी कामगारांवर आहे, चौसष्ट पानं, चार फॉर्म. कागद प्रेसमध्ये येऊन पडला आहे आणि आयएसबीएन मिळाला आहे. कव्हरच्या एका शीटवर डेमीची चार कव्हरं बसतात आणि मला त्यातली दोनच लागतात. उरलेल्या दोन जागांवर दुसऱ्या कुणाचं कव्हर छापलं तर प्लेट आणि छपाईचा खर्च निम्मा-निम्मा होतो. इचलकरंजी, कोल्हापूर, सांगली भागात कुणाचं कॉमिक तयार असेल, डेमी आकाराचं, पिनांच्या बायंडिंगचं आणि पाचशेच्या आसपास प्रतींचं, तर आपण एकत्र छापू. फाइल एप्रिलच्या आत हवी, चार रंगांत, चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी चित्राची जादा कड) सोडून.